चार इंचांनी काय होतं?

दोन बेस गिटार समोर ठेवा. दोन्हींना चारच तारा आणि दोन्हींच्या तारा ई, ए, डी, जी अशाच लावलेल्या. सगळ्यात जाड तार छेडली की दोन्हींतून सेकंदाला ४१.२ कंपनं निघतात, म्हणजे सूर अगदी तोच. फरक इतकाच की एकीची तार ३४ इंच लांब आहे आणि दुसरीची ३० इंच. जेमतेम तळहाताच्या रुंदीइतका फरक! तरीही कान थोडे तयार असतील तर डोळे मिटूनसुद्धा कळतं की एकीचा सूर टणक, स्पष्ट, तारेचा नाद दाखवणारा आहे आणि दुसरीचा गोल, मऊ, भरलेला. हातात घेतलं की फरक आणखी वाढतो. एकीवर बोटाला ओढ जाणवते, दुसरीवर तार सहज दबते.

सूर तोच असेल तर मग बदललं काय?

आधी मोजायचं काय ते पक्कं करू. गिटारची एकूण उंची किंवा तिचं धड केवढं, याचा इथे काही संबंध नाही. मोजायची ती फक्त मोकळ्या तारेची गाणारी लांबी. मानेच्या टोकाला खाचा असलेली छोटी पट्टी असते, तो नट. तिथपासून धडावरच्या ब्रिजपर्यंत जेवढी तार थरथरते, तेवढी तिची स्केल लेंग्थ. सतारीवर जी घोडी तो इथला ब्रिज, आणि सतारीवर जे पडदे ते इथले फ्रेट. बाजारात या लांबीची तीन मापं चालतात. ३० इंचांच्या आसपास शॉर्ट स्केल, ३२ ला मीडियम आणि ३४ ला लाँग. क्वचित ३५ किंवा ३६ इंचांचीही भेटते, तिला एक्स्ट्रा लाँग म्हणतात. नावं ऐकून वाटतं, हा सगळा हाताच्या मापाचा मामला आहे. लहान हात, लहान गिटार. दुकानातही बहुधा हेच सांगतात. हे अर्धं खरं आहे, आणि राहिलेलं अर्धं फार देखणं आहे.

तार छेडली की नेमकं काय घडतं? बोटाने दिलेला धक्का तारेवरून लाट होऊन धावतो, एका टोकाला आपटतो, परत फिरतो, दुसऱ्या टोकाला आपटतो. खालच्या ई तारेवर ही पूर्ण फेरी सेकंदाला ४१ वेळा होते. आता लांबी माहीत आहे, फेऱ्या माहीत आहेत, मग वेग काढता येईल ना? ३४ इंची तारेवर ती लाट सेकंदाला ७१ मीटर धावते. ताशी २५६ किलोमीटर! तुमच्या मांडीवरच्या लाकडाच्या तुकड्यावर, हातभर अंतरात, शर्यतीच्या मोटारीच्या वेगाने काहीतरी सतत येरझाऱ्या घालत असतं आणि डोळ्यांना दिसते ती फक्त तारेची धूसर थरथर.

आता तार ३० इंचांची करा. रस्ता आखूड झाला, पण फेऱ्या तेवढ्याच हव्यात, कारण सूर तोच हवा. म्हणजे लाटेने सावकाश धावलं पाहिजे: सेकंदाला ६३ मीटर, ताशी २२६ किलोमीटर. लाटेला सावकाश करायचं तर एकच सोपा उपाय, तार सैल सोडायची. इथेच पहिलं आश्चर्य आहे. लाटेचा वेग ताणाच्या वर्गमुळाने बदलतो, म्हणून ताण लांबीच्या वर्गाने बदलतो. लांबी कमी झाली सुमारे १२ टक्क्यांनी, पण तीच तार त्याच सुरात लावली तर ताण कमी होतो तब्बल २२ टक्क्यांनी. नेहमीच्या जाडीच्या चार तारा लावलेल्या लाँग स्केल बेसच्या मानेवर मिळून ७५-८५ किलोची ओढ असते. एक धडधाकट माणूस त्या मानेला सतत लोंबकळतोय इतकी. (म्हणूनच मानेच्या लाकडात आतून एक पोलादी सळई बसवलेली असते.) चार इंच कमी केले की त्यातले सतरा-अठरा किलो उतरतात. बोटाला जाणवणार नाही तर काय!

हा वर्गाचा नियम पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आला, ते सांगायलाच हवं. सोळाव्या शतकात इटलीत व्हिन्चेन्झो गॅलिली नावाचा ल्यूटवादक होता. दुर्बीण आकाशाकडे रोखणाऱ्या गॅलिलिओचा हा बाप. तोपर्यंत पायथागोरसच्या नावावर एक समजूत दोन हजार वर्षं चालत आली होती की वरच्या सप्तकातला सूर हवा असेल तर तारेला दुप्पट वजन टांगायचं. व्हिन्चेन्झोने वजनं खरंच टांगून पाहिली. दुप्पट वजनाने काम होत नाही, चौपट लागतं! दोन हजार वर्षं पंडित जे लिहीत आले, ते एका वादकाने तार ताणून खोडून काढलं. पुढे १६३६ मध्ये पॅरिसच्या मारँ मेर्सेन या पाद्र्याने लांबी, ताण आणि तारेचं वजन यांचं पूर्ण गणित छापलं. कंपनं मोजायला त्याच्याकडे यंत्र कुठलं? त्याने इतके लांब दोर ताणले की त्यांचे हेलकावे डोळ्यांनी मोजता यावेत, आणि तिथून हिशोब करत ऐकू येणाऱ्या सुरांपर्यंत आला. आज कुठल्याही बेस गिटारचा आराखडा मांडला, तर त्याखाली याच दोघांची आकडेमोड असते.

व्हिन्चेन्झोचा आणखी एक हिशोब बेसच्या मानेवर आजही दिसतो. पडदे कुठे बसवायचे, यासाठी १५८१ च्या ग्रंथात त्याने एक सोपी रीत दिली. उरलेल्या तारेचा अठरावा भाग मोजा, तिथे पडदा, मग पुन्हा उरलेल्याचा अठरावा भाग, तिथे पुढचा. आजचा अचूक आकडा १७.८१७ आहे. म्हणजे तो किती जवळ पोचला होता ते बघा. आता हाच भागाकार आपल्या मापांवर लावू. ३६ चा अठरावा भाग किती? बरोब्बर २. म्हणजे ३६ इंची बेसवर पहिला फ्रेट दाबला की उरतात ३४. चौतीसवर पहिला फ्रेट दाबला की अचूक हिशोबाने उरतात ३२.०९. दुसरा दाबला की ३०.२९. पाहिलंत? एक्स्ट्रा लाँग, लाँग, मीडियम, शॉर्ट ही मापं म्हणजे एकाच मानेवरचे लागोपाठचे चार थांबे आहेत. दोन इंचांची एकेक पायरी म्हणजे एकेक अर्धस्वर!

यातून एक प्रयोग निघतो आणि तो मला फार आवडतो, कारण त्याला नवी गिटार विकत घ्यावी लागत नाही. मित्राची कुठलीही लाँग स्केल बेस घ्या. चारही तारा एकेक पूर्ण स्वर खाली उतरवा, म्हणजे ई ची डी करा. मग दुसऱ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावा. सूर परत मूळ जागी आला, मोकळी तार पुन्हा ई बोलायला लागली. पण आता थरथरणारी तार सव्वातीस इंचांची आहे आणि तिच्यावरचा ताण वीस टक्क्यांनी उतरलेला आहे. तुमच्या हातात खरीखुरी शॉर्ट स्केल बेस आली. तेच धड, तेच पिकअप (तारांची थरथर विजेत पकडणारे), त्याच तारा, बदलली ती फक्त लांबी. दोन बेसची तुलना इतक्या चोखपणे कुठल्याही दुकानात होत नाही. अर्धा तास वाजवा आणि बोटांना विचारा.

बोटांचा विषय निघालाच आहे तर तोही पाहून घेऊ. बेसवर खालच्या टोकाला, नटाजवळ, डाव्या हाताची चार बोटं चार फ्रेटवर ठेवून पाहा. तर्जनी पहिल्यावर, करंगळी चौथ्यावर. लाँग स्केलवर या दोन फ्रेटमधलं अंतर जवळजवळ १३ सेंटिमीटर भरतं. मीडियमवर १२.२ आणि शॉर्टवर ११.४. कागदावर हा फरक दीड सेंटिमीटरचा. पण हाताच्या दृष्टीने हे दीड सेंटिमीटर अगदी शेवटचे असतात, जिथे अंगठ्याखालचा स्नायू ताठतो आणि मनगट वळायला लागतं. तासभर वाजवल्यावर हात दुखणार की नाही, ते तिथे ठरतं. साध्या इलेक्ट्रिक गिटारवर हेच अंतर दहा सेंटिमीटरच्याही आत असतं. म्हणून गिटारवरून बेसकडे येणाऱ्याला शॉर्ट स्केल ओळखीची वाटते. दुसऱ्या टोकाला उभा असतो डबल बेस, सिंफनीत आणि जॅझमध्ये उभ्याने वाजवतात तो. त्याची तार ४१-४२ इंचांची. तिथे चार बोटं चार सुरांवर टाकण्याचा विचारच सोडावा लागतो. जुनी तालीम अशी की अनामिका आणि करंगळी जोडीने एकाच सुरावर दाबायची. एका जागी हात ठेवून पूर्ण एका स्वरापलीकडे जाता येत नाही, पुढच्या सुरासाठी अख्खा हात सरकवायचा.

मग चाळिशीपार असलेली ही लांबी ३४ वर आली कशी? कॅलिफोर्नियात फुलरटन नावाच्या गावात लिओ फेंडर हा माणूस रेडिओ दुरुस्त करायचा. त्याला गिटार वाजवता येत नव्हती, आणि हे मला सगळ्यात नवलाचं वाटतं. १९५१ मध्ये त्याने प्रिसिजन बेस आणली. अवजड डबल बेस पाठीवर वाहून नेणाऱ्या आणि ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या गजरात कुणालाच ऐकू न जाणाऱ्या वादकांसाठी त्याला गिटारसारखा गळ्यात अडकवायचा, विजेवर चालणारा बेस हवा होता. त्याने आणि त्याचा सहकारी जॉर्ज फुलर्टन याने ३०, ३२, ३६ अशी मापं करून पाहिली. लहान मापांत त्यांना हवा तसा नाद मिळेना, ३६ वर फ्रेटमधली अंतरं बोटांना झेपेनात. मधला मार्ग निघाला ३४. वाजवता न येणाऱ्या माणसाने वाजवणाऱ्यांचं ऐकून ठरवलेला हा आकडा इतका नेमका बसला की सत्तर वर्षांनंतरही जगातल्या बहुतेक बेस गिटार त्याच मापाने बनतात.

पण यावरून शॉर्ट स्केल म्हणजे लाँगची नंतर काढलेली बाळआवृत्ती असं कुणी समजू नये. इतिहास उलटा आहे. सिएटलच्या पॉल टटमार्क याने १९३० च्या दशकातच आडवी धरायची, फ्रेट असलेली इलेक्ट्रिक बेस विकायला काढली होती आणि तिची तार होती तीस इंचांच्या आसपास. गिब्सनने १९५३ मध्ये पहिली बेस आणली ती साडेतीस इंची. जर्मनीच्या हॉफनरची व्हायोलिनच्या आकाराची बेस तीस इंची. फेंडरची स्वतःची शॉर्ट स्केल मस्टँग मात्र उशिरा, १९६६ मध्ये आली आणि ती शिकाऊ मुलांची म्हणून खपवली गेली. तिथून हा शिक्का चिकटला. माझ्या मते बेसच्या दुनियेत इतकी चुकीची समजूत दुसरी नसेल.

का, ते बघा. हॉफनर घेऊन वाजवणारा विद्यार्थी कोण होता? पॉल मॅकार्टनी. १९६१ मध्ये हॅम्बुर्गमध्ये त्याने ती घेतली. तो डावखुरा, आणि व्हायोलिनचा आकार दोन्ही बाजूंनी सारखा असल्यामुळे उलटी धरली तरी विचित्र दिसत नव्हती. शिवाय आतून पोकळ, वजनाला अगदी हलकी. त्या हलक्या, सैल तारांवर त्याच्या बोटांना असा मोकळेपणा मिळाला की बेस नुसता ताल न धरता गाण्याच्या शेजारून स्वतःची चाल गाऊ लागला. ‘ऑल माय लव्हिंग’ या १९६३ च्या गाण्यात बेस कसा अखंड चालत राहतो ते ऐका. मग १९६६ चं ‘पेपरबॅक रायटर’ लावा. तिथे त्याच्या हातात रिकेनबॅकर आहे, सव्वातेहेतीस इंची, भरीव लाकडाची. माणूस तोच, पण बेस आता पुढे येऊन बोलते. हा सगळा फरक लांबीचा नाही. धड वेगळं, पिकअप वेगळे, ध्वनिमुद्रणाची रीतही वेगळी. पण लांबी त्यातला एक ठळक धागा नक्की आहे.

क्रीम या त्रिकुटात जॅक ब्रूस साडेतीस इंची गिब्सनवर वाजवायचा. तिच्या सैल तारा तो गिटारसारख्या ओढून सूर वाकवायचा, जे लाँग स्केलवर करायला जोर लागतो. टॉकिंग हेड्सच्या टीना वेमथच्या हातात तीच ‘शिकाऊ’ मस्टँग होती. आणि स्टॅनली क्लार्क! उंचापुरा माणूस, डबल बेसचा उस्ताद, चाळीस इंचांवरच्या तारेवर ज्याची बोटं लहानपणापासून मुरलेली. त्याला लांबीची कसली भीती? पण इलेक्ट्रिक बेस वाजवताना तो घेतो पावणेएकतीस इंची अलेम्बिक. त्याला त्या लांबीतून निघणारी चपळाई हवी असते. हाताच्या मापाची गोष्ट इथे कुठे उरली?

आता आवाजाचं रहस्य. सूर तोच असताना एक बेस टणक आणि दुसरी गोल का वाटते?

कुठलीही तार एकच सूर बोलत नाही. ४१.२ कंपनांबरोबर ती ८२.४, १२३.६, १६४.८ असे पूर्ण पटीतले पंधरा-वीस सूर एकाच वेळी बोलते. तंबोऱ्यातून छेडलेला नसतानाही गंधार ऐकू येतो, तो याच वरच्या सुरांपैकी एक. बेसच्या बाबतीत हे वरचे सूर तर सगळं काही आहेत. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवायचे. त्या काळातलं एखादं गाणं मोबाइलच्या स्पीकरवर लावा. बेस ऐकू येते ना? पण मोबाइलचा तो टिचभर स्पीकर ४१ कंपनांचा सूर काढूच शकत नाही. हवेत त्या सुराची एक लाट सव्वाआठ मीटर लांब असते! मग ऐकू काय येतं? त्याच्या वरच्या पटींतले सूर येतात. मेंदू बघतो की हे सगळे एकमेकांपासून ४१-४१ च्या अंतरावर आहेत, आणि गैरहजर असलेला मूळ सूर स्वतःच जागेवर बसवून देतो. तुम्ही जो खर्ज ऐकता तो खोलीत नसतोच, तो तुमच्या डोक्यात तयार होतो. थांबून विचार करावा अशी ही गोष्ट आहे.

म्हणजे बेसचा सूर स्वच्छ की धूसर, हे बरंचसं ठरतं ते वरच्या सुरांची रांग किती सरळ आहे त्यावर. आणि इथे तारेचा ताठपणा आडवा येतो. पूर्ण लवचीक तार कुठेच नसते. शेवटी ते पोलाद आहे, थोडं दांड्यासारखं वागणारच. अख्खा ऊस हातात धरला तर सहज लवतो, त्याचंच वीतभर कांडं वाकवायला गेलात तर मनगट दुखेल. तारही तशीच, आखूड झाली की तिचा ताठपणा वर डोकं काढतो. ताठपणामुळे वरचे सूर पटीत राहत नाहीत, प्रत्येक जण थोडाथोडा चढत जातो. हा परिणाम किती? तीच तार त्याच सुरात लावली तर लांबी घटेल तसा तो तिच्या चौथ्या घाताने वाढतो. ३४ चे ३० केले की १.६५ पट! ताण वर्गाने आणि हा चौथ्या घाताने, म्हणजे लांबीतला एवढासा बदल गणितातून बाहेर येईपर्यंत केवढा फुगतो. काँसर्ट ग्रँड पियानो पावणेतीन मीटर लांब का बांधतात, त्याचं एक मोठं कारण हेच. खर्जाच्या तारा लांब असल्या की त्यांचे वरचे सूर रांगेत राहतात. घरातल्या उभ्या पियानोचा खर्ज थोडा गढूळ वाटतो तो तारा आखूड असल्यामुळे.

तार ताठ होऊ न देता जड कशी करायची? यावर माणसाने काढलेला तोडगा तुमच्या डोळ्यांसमोरच असतो. बेसच्या जाड तारेवर नख घासा, कर्रर्र असा आवाज येतो. ती एक तार नाहीच. आत पोलादाची बारीक गाभातार, तिच्यावर दुसरी तार गुंडाळलेली. वजन गुंडाळीचं, लवचीकपणा गाभ्याचा. ही युक्ती सतराव्या शतकात निघाली आणि तिने वाद्यांचे आकार बदलून टाकले. तोवर नुसत्या आतड्याच्या तारांतून खर्ज काढायचा तर तार लांबच हवी, म्हणून थिओर्बोसारख्या वाद्याला माणसाएवढी मान असायची. गुंडाळलेली तार आल्यावर खर्जाचं व्हायोलिन आटोपशीर करता आलं आणि त्यातून आजचा चेलो घडला. बेस गिटारने विसाव्या शतकात जे केलं, त्याची ही तीनशे वर्षं आधीची फेरी.

मिरजेच्या सतारमेकरांना हे गणित हातानेच ठाऊक आहे. पुरुष गायकाचा तंबोरा मोठा बांधतात, गायिकेचा लहान. गळ्याची पट्टी बदलली की तारेची लांबी बदलायची. तिथे सूर बदलतो म्हणून लांबी बदलते. बेसवाल्यांनी मात्र सूर खिळ्याला ठोकून ठेवला आणि लांबीशी खेळ केला. म्हणून त्यांच्या हाती निराळा आवाज लागला.

शॉर्ट स्केलच्या गोलाईचं मर्म या सैलपणात आणि ताठपणात आहे. तारेचा धातू कमी झणझणतो आणि ‘धुम्म’ जास्त ऐकू येतो. साध्या, गळ्याला पुढे ठेवणाऱ्या गाण्याला ही बेस अशी काही शोभते की लाँग स्केलने तिथे येऊच नये. पण तिचा हिशोबही चुकता करावा लागतो. तार सैल म्हणून जास्त झुलते आणि जोरात छेडली की फ्रेटवर खडखडते. बोट गरजेपेक्षा जोरात दाबलं की सूर चढतो. ई तार उतरवून डी करायची सवय असेल, तर ताण आणखी वीस टक्के जातो आणि तार लोंबायला लागते. त्यावर जाड तारा लावता येतात, ताण परत येतो, पण ताठपणाही त्याच्यासोबत येतो. फुकट काहीच मिळत नाही. जोरकस, बोटाने ओढून वाजवायचं असेल, अंगठ्याने थाप मारायची असेल, अनेक वाद्यांच्या गर्दीत प्रत्येक सूर सुटा ऐकवायचा असेल, तर चौतीस इंचांना तोड नाही.

राहिली बत्तीस इंची मीडियम. तिच्याबद्दल मला मनापासून बोलायचं आहे, कारण तिच्या वाट्याला कौतुक फार कमी येतं. लाँगपेक्षा एकच फ्रेट आखूड. ताण साडेअकरा टक्के कमी, म्हणजे हाताला स्पष्ट कळेल इतका. आवाजातली तारेची धार मात्र बरीचशी शाबूत. खूप वेळ वाजवणाऱ्या, मनगट जपणाऱ्या माणसासाठी यापेक्षा समजूतदार माप नाही. दुकानात ती शोधावी लागते, हाच तिचा दोष.

पाचवी तार आली की पारडं दुसरीकडे झुकतं. खालच्या बी तारेचा सूर सेकंदाला ३१ कंपनांचाही नाही. तिच्यासाठी ३४ सुद्धा कमी वाटतात, म्हणून ३५ ची मापं निघाली. पण मग वरची जी तार उगाच जास्त ताणली जाते. मग प्रत्येक तारेला तिची तिची लांबी का देऊ नये? पियानोत, हार्पमध्ये हेच तर असतं! राल्फ नोव्हाक या अमेरिकन कारागिराने १९८९ मध्ये पंख्यासारखे तिरके पसरलेले फ्रेट पेटंट केले आणि कॅनडाच्या डिंगवॉल कंपनीने ते बेसवर आणले. तिच्या पाच तारी बेसवर बी तार ३७ इंचांची आणि जी तार ३४ ची. बघताना वाटतं, फ्रेट वाकडे बसले आहेत. हात ठेवला की कळतं, बोटंही पंख्यासारखीच उघडतात.

आणि या सगळ्या नियमांना वळसा घालणारी एक चिमुकली वस्तू सांगतो. कालाची यू-बेस, युकुलेलेएवढी, तार जेमतेम २१ इंचांची. ती चक्क तोच ४१.२ कंपनांचा ई वाजवते! तिच्या तारा रबरासारख्या, पॉलियुरेथेनच्या असतात. पदार्थच इतका लवचीक की तार वाटेल तेवढी जाड करा, ताठपणा अंगावर येत नाही. आवाज थेट डबल बेसची आठवण करून देणारा. लांबीने जे द्यायचं ते पदार्थाने दिलं.

घ्यायला जाल तेव्हा लेबलवर विसंबू नका. नटापासून बाराव्या फ्रेटपर्यंत मोजा आणि दुप्पट करा: १७ भरले तर लाँग, १६ तर मीडियम, १५ तर शॉर्ट. थेट ब्रिजपर्यंत मोजलंत तर गोंधळ होईल, कारण तिथली चार सॅडल, म्हणजे तारा टेकतात त्या छोट्या बैठका, तिरक्या ओळीत असतात आणि जाड ई तारेचं सॅडल सगळ्यात मागे असतं. ताठपणामुळे आणि दाबल्यामुळे जो सूर चढतो, तो तेवढी जास्तीची लांबी देऊन उतरवलेला असतो. मग ई तार मोकळी वाजवा आणि तीच बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवा. दोन्हीकडे सूर सारखाच जिवंत आहे का ऐका. बसून वाजवून झालं की पट्टा गळ्यात घालून उभे राहा. काही शॉर्ट स्केल बेसची मान जमिनीकडे झुकते, आणि डावा हात मग वाजवायचं सोडून ती सावरत बसतो. तारा घेताना पाकिटावर माप वाचा. लाँग स्केलच्या तारा शॉर्टवर लावल्या तर जाड गुंडाळी खुंटीवर चढते, तिथे नीट वळत नाही आणि कापली तर उसवू शकते. जुनी तार काढण्याआधी तिच्या टोकाच्या गोळीपासून नटापर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा आणि नवं पाकीट त्या आकड्याशी ताडून घ्या.